बर्फ उतरल्यावर: घर-सफाईच्या नोंदी, मिनियापोलिस 2023

शनिवार, 4 मार्च

घर 1962 सालचं, एकमजली, खाली बेसमेंट. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, मिनियापोलिसच्या दक्षिणेकडचं उपनगर. यंदाच्या हिवाळ्याने पुरतं पिळून काढलंय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओला, जड बर्फ जवळजवळ 15 इंच पडला. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तीन दिवसांत आणखी 13 इंच. ड्रायव्हेच्या, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेच्या, दोन्ही बाजूंचे ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेत आणि नवीन बर्फ टाकायला जागा उरलेली नाही.

नवऱ्याचं म्हणणं, बाहेर सगळं गोठलंय तोवर आतली कपाटं उरकून घेऊ. मला ते पटत नाही. कपाटं जूनमध्ये आवरली म्हणून काही बिघडत नाही, पण छपरावरचा बर्फ एकदा वितळायला लागला की आपल्या सोयीसाठी थांबत नाही. क्रम असा ठरवला: आधी पाणी, मग मीठ, मग धूळ. कपाटं सगळ्यांत शेवटी, आणि राहिली तर राहिली.

सुरुवात लेकीच्या खोलीतल्या डागापासून. छताच्या बाहेरच्या कोपऱ्यात पिवळट तपकिरी वर्तुळ आलंय, कडा गडद. वर नळ नाही, पाइप नाही. हे छपरावरच्या बर्फाच्या बांधाचं पाणी. घरातली ऊब माळ्यावर निसटते, छपराच्या मधल्या भागातला बर्फ खालून वितळतो, ते पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असल्यामुळे तिला खालून ऊब नसते; तिथे पाणी पुन्हा गोठतं. असे थर चढत बांध तयार होतो आणि त्याच्या मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावर एकावर एक चढवलेल्या पातळ पट्ट्यांच्या, खालून उलटं वर चढतं. शिंगल्स वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, तुंबलेल्या पाण्यासाठी नसतात.

लांब दांड्याच्या दाताळ्याने जमिनीवर उभं राहूनच वळचणीलगतचा तीन-चार फुटांचा पट्टा ओढून काढला. बांधाला हातोडी लावायची नाही, शिंगल फुटते. जुन्या नायलॉनच्या पायमोज्यांत कॅल्शियम क्लोराइड भरून ते बांधावर आडवे न टाकता उभे टाकले, म्हणजे वरून खाली एक चर पडते आणि मागचं पाणी वाट काढतं. साधं खडेमीठ इथे कामाचं नाही. ते थंडीत मंदावतं आणि खालची झाडं मात्र जाळतं. डाग हाताला कोरडा लागतोय. रंगाचं नंतर बघू.

रविवार, 12 मार्च

आजपासून इथे उन्हाळी वेळ, घड्याळं एक तास पुढे. दरवर्षी याच दिवशी धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघतो. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून 10 फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच, कायदाच आहे. बेसमेंटमधल्या धुराच्या अलार्मवर मागे 2012 छापलंय. दहा वर्षांवर गेला, म्हणजे वाजत असला तरी बदलायचा. बदलला.

फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, फिल्टरही काढला. पांढरा लावला होता, आता गोधडीच्या अस्तरासारखा करडा आणि जाड झालाय. बाहेरच्या भिंतीवरची ड्रायरची तोटी बर्फात गाडली गेली होती. ती उकरून आतला कापसाचा बोळा ओढून काढला. ही तोटी बंद राहिली तर कपडे वाळत नाहीत हे सगळ्यांना कळतं. तोच कापूस पेट घेतो हे मात्र विसरलं जातं.

शनिवार, 18 मार्च

पाण्याचा दिवस. दुपारी उन्हात पागोळ्या लागतात, रात्री पुन्हा सगळं गोठतं.

बेसमेंटच्या कोपऱ्यात सम्प पंपाचा, म्हणजे साचणारं पाणी बाहेर उपसणाऱ्या पंपाचा, खड्डा आहे. त्यात बादलीभर पाणी ओतलं: तरंगणारा गोळा वर आला, पंप सुरू झाला, पाणी उपसलं, बंद पडला. इथपर्यंत ठीक. मग बाहेर जाऊन बघितलं तर उपसा पाइपच्या तोंडाशी बर्फाचं बूच. पंप चालतोय आणि पाणी बाहेर पडत नाही, ही सगळ्यांत वाईट अवस्था, कारण आतून सगळं सुरळीत असल्यासारखं वाटतं. कोमट पाण्याने बूच सोडवलं, पाइपचं लवचिक शेपूट काढून ठेवलं आणि तोंड उताराकडे मोकळं केलं. ते पाणी घरातल्या सांडपाण्याच्या नळाला जोडून टाकायचा मोह अनेकांना होतो. ते इथे चालत नाही. वितळणीच्या दिवसांत गावाची गटारं त्यानेच तुंबतात.

नंतर पन्हळींचे उभे पाइप. जमिनीलगत ते ज्या आडव्या नळीला जोडलेले असतात, ती नळी बर्फात हरवलीय. फावड्याने शोधून काढून जोडल्या. हे एवढं का करायचं, तर हिशेब असा: हजार चौरस फूट छपरावरचं एक इंच पाणी म्हणजे सुमारे 2,360 लिटर. आणि जमीन अजून खाली गोठलेली. या भागात घराचा पाया निदान 42 इंच खोल नेतात, कारण गारठा तिथपर्यंत उतरतो. वरचा वीतभर थर वितळला तरी खालचा दगडासारखा. पाणी मुरायला जागा नाही, ते आडवं सरकतं आणि पहिली भेगाळलेली भिंत गाठतं. आपल्याकडे पहिल्या पावसात माती घटाघटा पिते. इथली मार्चमधली माती पीतच नाही.

उरलेला वेळ भिंतींलगतचा बर्फ ओढून चार-पाच फूट लांब टाकण्यात गेला. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते नव्वदीकडे झुकलेत, त्यांनी हे काम फेब्रुवारीतच उरकलंय. काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. मिनेसोटात ही भरभरून केलेली स्तुती.

बेसमेंटच्या उत्तरेच्या भिंतीला लोणा फुटलाय, पांढरा, पिठासारखा. काँक्रीटमधून पाणी झिरपत येताना आतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतात. कोरड्या ब्रशने झाडलं आणि खडूने त्या भागाभोवती रेघ मारून तारीख घातली. रेघेबाहेर पसरला तर बाहेरचा उतार दुरुस्त करावा लागेल. नुसतं पुसत बसून उपयोग नाही.

बुधवार, 22 मार्च

पाडवा. कामाचा दिवस असल्यामुळे सकाळी सहाला उठून फक्त उंबरठा, पुढची खोली आणि देव्हारा. आईचा फोन आला तेव्हा सांगलीत संध्याकाळ झालेली. “अगं, वर्षाचा सण, आणि जळमटं काढली नाहीस?” आई, जळमटं काढायला स्टूल लागतं, स्टूल गॅरेजमध्ये आहे, आणि गॅरेजचं दार खाली गोठून चिकटलंय. हे तिला सांगितलं नाही.

गुढीला वेळूची काठी कुठून आणणार? छपराच्या दाताळ्याचा ॲल्युमिनियमचा दांडा धुऊन पुसून घेतला. वर खण, साखरेच्या गाठी, तांब्या. कडुलिंबाची पानं भारतीय दुकानातली, वाळकी. डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या उघड्या लाकडी ओट्यावर, दोन फूट बर्फ, त्यातच दांडा रोवला आणि तो इतका घट्ट बसला की बांधायला सुतळीही लागली नाही.

शनिवार, 25 मार्च

मीठ. आजची नोंद मोठी होणार.

नोव्हेंबरपासून जे मीठ रस्त्यावर, फुटपाथवर, आपल्याच पायऱ्यांवर पडतं, ते बुटांना, गाडीच्या चाकांना आणि पँटच्या काठांना चिकटून घरात येतं. बर्फ दारातच वितळतो, मीठ पुढे चालत जातं. मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पांढुरक्या वळ्यांची वाट उमटलीय. दिसायला धूळ, पण ओल्या फडक्याने पुसली की नाहीशी होते आणि वाळली की पुन्हा उगवते, कारण आपण ती काढलेली नसते, पातळ करून पसरवलेली असते.

म्हणून आधी कोरडं काम. कुंच्याने नाही, कुंचा खडे लाकडावर घासत नेतो आणि ओरखडे पडतात. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशच्या तोंडाने फळीच्या दिशेने ओढून घेतलं, फटींमधलं टोकाच्या नळीने. मग दोन बादल्या: एकीत कोमट पाणी आणि त्यात थोडंसं पांढरं व्हिनेगर, दुसरीत नुसतं पाणी, फडकं पिळायला. फडकं पिळून जवळजवळ कोरडं, एका वेळी हात पोचेल तेवढीच जागा, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. लाकडाला पाणी दिलं की मीठ विरघळून फटींत उतरतं आणि फळ्या काठाला फुगतात. व्हिनेगर लागतं ते कॅल्शियमच्या तेलकट, अल्कधर्मी पापुद्र्यासाठी. निव्वळ मीठ साध्या पाण्यातही विरघळतं. व्हिनेगर जास्त घातलं तर लाकडावरची पॉलिश मंद पडते. आणि संगमरवर किंवा चुनखडीच्या फरशीला ते लावायचंच नाही, दगडच खातं.

दारातला गालिचा वाचणार नाही असं नवऱ्याचं मत होतं. कोरडा असताना उलटा करून झटकला. डेकवरच्या बर्फावर पडलेला थर बघून त्याने मत बदललं. मग वरून कोमट पाणी शिंपडून, टॉवेल दाबून टिपणं. घासायचं नाही. हे असं पाणी बदलत टॉवेल स्वच्छ येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसावं.

बुटांचं कातडं कडक होऊन चुरगळलंय. सौम्य साबण, मग व्हिनेगर-पाण्याचं फडकं, सावलीत वाळवणं, मग तेलकट मलम. हीटरच्या तोंडाशी वाळवायचे नाहीत. लेकीने तिचे बूट तसेच ठेवले होते आणि एका बुटाचा तळ उकलून हातात आला.

दाराच्या खालच्या कडेची रबरी पट्टी, दाराच्या चौकटीतला खालचा पितळी पट्टा, कुलूप: सगळीकडे हिरवट-पांढरं काहीतरी. जुन्या टूथब्रशने.

गाडीचे पायपुसणे गॅरेजच्या शेजारी बर्फावरच घासले. गाडी खालून धुऊन आणायचं काम नवऱ्याकडे. त्याला रांगेत तासभर थांबावं लागलं, कारण तापमान शून्याच्या वर गेल्यावर आख्खं गाव गाडी धुवायला निघतं.

शनिवार, 1 एप्रिल

रात्री ढगांचा गडगडाट, विजा, आणि वरून बर्फ. सकाळी आठ इंचांहून जास्त, चिकट, सिमेंटसारखा. मागच्या मेपलची फांदी मोडून डेकच्या कठड्यावर. वीज गेलेली. आज एप्रिल फूल आहे हे लेकीने सांगायची गरज नव्हती.

वीज नाही म्हटल्यावर फ्रीज रिकामा करून धुतला. दूध, दही, फ्रीजरमधलं नारळाचं खोबरं, मटार, सगळं टोपल्यांत घालून डेकवरच्या बर्फात. फ्रीजच्या खालच्या जाळीत मांजराचे केस. मांजर आमच्याकडे चार वर्षांपासून नाही.

शनिवार, 8 एप्रिल

खिडक्या. जुन्या लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या, बाहेरून वादळी काचांचं, म्हणजे थंडी-वारा अडवणाऱ्या जादा काचांचं, दुसरं पान.

उणे 25 अंशांच्या रात्री आतल्या हवेतली वाफ काचेवर गोठते आणि सकाळी वितळून चौकटीत साठते. हे चार महिने. परिणाम: चौकटीच्या तळाशी काळी बुरशी. कडाक्याच्या थंडीत घरातली आर्द्रता 20-25 टक्क्यांच्या आसपास ठेवली तरच काच कोरडी राहते. पण तेवढी ठेवली की ओठ फुटतात, लाकडी फर्निचर करकरतं आणि तबल्याचा स्वर चढतो. आम्ही कुकर लावतो, डाळ शिजवतो, पंखा लावायला विसरतो. मराठी स्वयंपाकघर आणि मिनेसोटाची खिडकी यांचं जमत नाही.

खिडकीला हात लावण्याआधी एक गोष्ट. 1978 पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगांत शिशाला बंदी झाली. खिडकी सरकताना रंग रंगावर घासतो आणि त्याची बारीक पूड नेमकी चौकटीच्या खाचेत जमते. म्हणून इथे कोरडा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, साधा व्हॅक्यूमही नाही. तो पूड मागून हवेत सोडतो. साबणाच्या पाण्यात ओले केलेले कागदी रुमाल, एका रुमालाने एकच फेर, लगेच पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात. हातमोजे. लेकीला खोलीबाहेर ठेवलं, म्हणून ती रुसली.

बुरशीला आधी साबणाचं पाणी, मग नुसतं पाणी, मग पंखा लावून पूर्ण कोरडं. ब्लीचची बाटली नवऱ्याने आणून ठेवली होती. ती परत खाली पाठवली, कारण त्याच बादलीत मघाशी व्हिनेगर होतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या कपाटांत राहतील.

वादळी काचेच्या चौकटीला खाली दोन बारीक भोकं असतात, पाणी बाहेर जायला. मागच्या मालकाने ती रंगवताना बुजवून टाकलीत. पाणी चौकटीत साठण्याचं निम्मं कारण हेच. तारेने मोकळी केली.

दक्षिणेच्या खिडकीत ऊन पडल्याबरोबर काळ्या-तांबड्या किड्यांचा मेळा. बॉक्सएल्डर बग म्हणतात यांना. शरद ऋतूत भिंतीच्या फटींतून आत शिरतात, हिवाळाभर झोपतात आणि आता बाहेरची वाट शोधत आतच येतात. चावत नाहीत, काही खात नाहीत. चिरडले तर पडद्यावर तांबूस डाग आणि वास. इथे मात्र व्हॅक्यूम. चौकटीच्या खाचेपासून दूर, फक्त काचेवर आणि पडद्यावर. मग पिशवी थेट बाहेरच्या डब्यात.

बुधवार, 12 एप्रिल

31 अंश! गेल्या आठवड्यात अंगात स्वेटर होता. बहुतेक बर्फ चार दिवसांत गेला. घरून काम होतं, मीटिंग बंद कॅमेऱ्याने केली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

गोधड्या, रजया, गाद्या, उशा, सगळं डेकवर. आजीची गोधडी धुवायची नाही, टाके जुने आहेत. तिला दोन्ही बाजूंनी ऊन दाखवलं, काठीने हलकं झाडलं. सतरंजीचा वास अजून गेलेला नाही.

अंगण पहिल्यांदा दिसलं. हिवाळाभर बर्फाने पांघरूण घातलेलं सगळं एकाच दिवशी उघडं: लेकीचा एक हातमोजा, प्लास्टिकच्या पिशवीतलं डिसेंबरचं वर्तमानपत्र, शेजारच्या कुत्र्याची चार महिन्यांची रोजनिशी. गवतात वेडीवाकडी नागमोडी चरं, जणू कोणी बोटाने रेघोट्या ओढल्यात. ती व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याने बर्फाखाली केलेली वाट. गवताचे काही गोल ठिपके करड्या जाळीने चिकटून बसलेत, तीही बर्फाखाली वाढणारी बुरशीच. दोन्हीला औषध लागत नाही. जमीन कोरडी झाली की हलक्या हाताने दाताळं फिरवायचं, उरलेलं गवत भरून काढतं.

आज फिरवणार नाही. पायाखाली पचपच आवाज येतोय. आत्ता चाललो तर माती दाबली जाईल. झुडपांखालचा पाचोळाही तसाच. त्यात मधमाश्या आणि इतर किडे अजून झोपलेले असतात, दिवसाचं तापमान सातत्याने 10 अंशांवर गेलं की मग. नवऱ्याला दाताळं हातात घेतलेलं बघून “अरे, ठेव ते!” म्हणावं लागलं. बघण्यासारखा उत्साह होता.

रविवार, 16 एप्रिल

पुन्हा बर्फ. बाहेरचं काम बंद. यंदाचा आकडा विमानतळावर 90 इंचांच्या पुढे गेला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तिसरा सर्वांत मोठा. कुठे तक्रार करणार.

कपाटांपैकी एक आवरलं. नवरा विजयी.

शनिवार, 22 एप्रिल

अक्षय्य तृतीया. आमरस डब्यातला. थंडी आहे, पण कोरडं.

बाहेरचं मीठ. ड्रायव्हेच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत, गॅरेजच्या तोंडाशी वाळू आणि खडेमिठाचा राप. सगळ्यांना वाटतं पहिला पाऊस धुऊन नेईल. नेईल, पण कुठे? रस्त्याच्या कडेच्या जाळीतून ते पाणी कुठलीही प्रक्रिया न होता जवळच्या तळ्यात किंवा नदीत जातं. क्लोराइड एकदा पाण्यात गेलं की कुजत नाही, बसत नाही. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण खात्याचा हिशेब लक्षात राहण्याजोगा आहे: एक चहाचा चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ 19 लिटर पाणी कायमचं खराब करतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासात जुळ्या शहरांच्या (मिनियापोलिस आणि सेंट पॉल) परिसरात टाकलेल्या रस्त्यावरच्या मिठापैकी 70 टक्क्यांहून जास्त इथल्याच पाणलोटात राहतं असं आढळलंय.

म्हणून नळी न लावता झाडून काढलं. खडे दिसत होते ते वेगळे करून डब्यात भरले, पुढच्या हिवाळ्यात वापरता येतात. झाडून बादलीभर मिळालं, याचा अर्थ तेवढं आम्ही जास्त टाकलं होतं. त्याच खात्याच्या मते 20 फूट ड्रायव्हेला किंवा फुटपाथच्या 10 फरश्यांना एक मोठा कॉफीचा मग पुरतो. शिवाय उणे 9 अंशांच्या खाली साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही, तेव्हा वाळू टाकलेली बरी. दाराशी डब्यातच एक मग ठेवला, आता मोजून.

आमच्या घरासमोरची पावसाच्या पाण्याची जाळी आम्ही ‘अडॉप्ट-अ-ड्रेन’मध्ये नाव नोंदवून दत्तक घेतलीय. पाचोळा, वाळू, एक हबकॅप. नगरपालिकेची झाडणारी गाडी येईल तेव्हा येईल.

शनिवार, 29 एप्रिल

शिडी. पन्हळीत पाचोळ्यापेक्षा शिंगल्सवरचे काळे दाणेच जास्त. मूठभर असते तर सोडून दिलं असतं, पण हे ओंजळी भरून. छपराचं वय झालंय. बर्फाच्या वजनाने पन्हळ मधे वाकली आहे, दोन पकडी सुटल्यात. नवीन पकडी स्क्रूने बसवल्या, उतार पाण्याची बाटली ओतून तपासला.

बाहेरचा नळ उघडताना एक जण बाहेर आणि एक जण बेसमेंटमध्ये त्या भिंतीपाशी उभा राहायचा. नळ आत फुटलेला असेल तर बाहेर पाणी नीट येतं आणि गळती भिंतीच्या आत होते. खालून लेक ओरडली, “कोरडं आहे गं!” सुटलो.

संध्याकाळी सेंट पॉलला नदी बघायला. मिसिसिपीचं पाणी काठच्या बागांत शिरलंय, बाकांचे फक्त पाठीचे भाग वर. उत्तरेकडचा सगळा हिवाळा तिथून खाली चाललाय.

शनिवार, 6 मे

पिसांची जाकिटं: पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये, पिसांसाठीचा साबण, जास्तीचं एक खळबळणं. ड्रायर कमी आचेवर, सोबत स्वच्छ टेनिसचे चेंडू, म्हणजे पिसांचे गोळे फुटतात. पूर्ण वाळायला निम्मा दिवस लागतो. अर्धवट ओलं ठेवलं तर ऑक्टोबरमध्ये कुबट वास.

बर्फ उडवायच्या मशीनमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवलं, घासून मिठाचा थर काढला, पातींना तेल. एक शिअर पिन तुटलीय. ती पिन मुद्दाम तुटावी म्हणूनच असते, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. जोडीने दोन आणून मशीनच्या दांड्यालाच पिशवीत बांधून ठेवल्या.

गॅरेजची फरशी: आधी झाडून, मग साबणाचं थोडंसं पाणी आणि रबरी पट्टीने ओढून ते पाणी भुशात शोषून घेतलं. मिठाच्या पाण्याने काँक्रीटचा वरचा पापुद्रा दोन ठिकाणी सुटलाय, गाडीची चाकं उभी राहतात नेमकं तिथे.

बेसमेंटच्या भिंतीवरची खडूची रेघ: लोणा आतच आहे.

रविवार, 14 मे

लेकीच्या खोलीतला डाग. ओल मोजायच्या यंत्राने बघितलं, आजूबाजूच्या छताइतकंच कोरडं. डागावर साधा रंग दिला की पाण्याबरोबर पिवळेपणा वर येतो. म्हणून आधी शेलॅकचा प्राइमर, तो वाळला की छताचा रंग.

पण खरा उपाय माळ्यावर. तोंडाला मास्क लावून वर चढलो. घातलेली सेल्युलोज कागदाची ऊबदार भर काही ठिकाणी दबून सहा इंचांवर आलीय. इथे नवीन घराला आर-49 (ऊब अडवण्याच्या क्षमतेचं माप) इतकी लागते, म्हणजे साधारण 14 इंच. त्याहून वाईट म्हणजे न्हाणीघराच्या पंख्याची नळी निसटून माळ्यातच उघडी पडलीय. हिवाळाभर आंघोळीची सगळी वाफ छपराखाली. लाकडावर खिळ्यांच्या टोकांभोवती गंजाचे ठिपके. तिथे दव गोठून वितळलंय. आणि माळ्याच्या झाकणाला भोवती पट्टीच नाही.

नळी चिमटीने पक्की केली, झाकणाला फोमची पट्टी. बाकीचं आपल्या हातचं नाही. एक कंत्राटदार येऊन, वर न चढताच, “वरून आणखी भर फुंकून देतो” म्हणाला आणि आकडा सांगितला. दुसरीने दाराला पंखा लावून घरातली हवा ओढून दाखवली: दिव्यांच्या खोबणीतून, पाइपांभोवतून, आतल्या भिंतींच्या माथ्यावरून वारा कसा येतो ते हाताला लागलं. तिचं म्हणणं, आधी या फटी बुजवायच्या, मग भर, आणि वळचणीतून हवा खेळती राहील अशा वाटा. भर कितीही घातली तरी फट उघडी असेल तर ऊब वर जाणारच. तिचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त आहे.

तिलाच होकार कळवला. काम सप्टेंबरमध्ये, कारण जुलैत माळ्यावर माणूस टिकत नाही. तोवर वर काही ठेवायचं नाही. दिवाळीच्या माळांचं खोकं आणि सुटकेसी खाली आणल्यात आणि त्या आता आवरलेल्या कपाटासमोर रचलेल्या आहेत. नवरा त्यांच्याकडे बघतोय.